पातळ काठाचा वाद : ल्यूसी री आणि त्यांची मृत्कला

मराठीत चित्रांविषयी थोडेफार लिहिले जाते, शिल्पांविषयी त्याहून कमी, आणि मातीच्या भांड्यांविषयी जवळजवळ नाहीच. कुंभार आपल्या वाङ्मयात येतो तो संत म्हणून किंवा बलुतेदार म्हणून. त्याने घडविलेला घाट चांगला की वाईट, आणि चांगला असेल तर कशामुळे, हा प्रश्न आपल्या समीक्षेने स्वतःला क्वचितच विचारला आहे. गंमत अशी की ‘घाट’ हा शब्द आम्ही कादंबरीस व कवितेस उठल्याबसल्या लावतो; तो भांड्यादागिन्यांवरून घेतलेला आहे याचे स्मरण मात्र आम्हांस राहत नाही.

इंग्लंडात हा प्रश्न विसाव्या शतकात मोठ्या हिरिरीने चर्चिला गेला. त्या चर्चेत एका पक्षाजवळ सिद्धान्त होता, ग्रंथ होता, शिष्यपरंपरा होती. दुसऱ्या पक्षाजवळ केवळ भांडी होती. पहिला पक्ष बर्नार्ड लीच यांचा. दुसरा पक्ष म्हणजे व्हिएन्नाहून परागंदा होऊन लंडनास आलेल्या ल्यूसी री. रीबाईंनी आपल्या कलेविषयी जवळजवळ काही लिहिले नाही, आणि बोलण्याचीही त्यांना फारशी हौस नव्हती. भेटीस आलेल्यास त्या कॉफी व घरी केलेला केक देत, आणि भांड्यांचा विषय निघाला की दोन वाक्यांत आटोपते घेत. म्हणून त्यांची बाजू मांडावयाची तर ती त्यांच्या भांड्यांवरूनच मांडली पाहिजे. तसे करू गेल्यास त्यांच्याविषयी आज रूढ झालेली एक समजूत तपासून घ्यावी लागते, आणि आमच्या मते ती समजूत चुकीची आहे.

समजूत अशी : रीबाईंच्या भांड्यांचे अंग फार पातळ, बूड चिमुकले, तोल जणू जाईल न जाईल असा, हे सारे निर्वासिताच्या आयुष्याचे प्रतिबिंब होय. घर गेले, देश गेला, संसार मोडला, आणि ते दुःख मातीत उतरले. ऐकावयास हे हृद्य वाटते. चरित्रावरून कलाकृती वाचण्याची सवय आपल्या साहित्यसमीक्षेसही पुष्कळ आहे, त्यामुळे मराठी वाचकास तर हे स्पष्टीकरण चटकन पटेल. परंतु तारखा त्याच्या आड येतात.

ल्यूसी गोम्पर्झ यांचा जन्म १९०२ साली व्हिएन्नातील एका सुस्थित ज्यू कुटुंबात झाला. वडील नावाजलेले डॉक्टर. आइझेनश्टाट येथील एका मामांजवळ उत्खननात सापडलेल्या रोमन वस्तूंचा मोठा संग्रह होता. तेथे मुलीला जुन्या घाटांची पहिली ओळख झाली. १९२२ साली त्या व्हिएन्नाच्या कलाउद्योग विद्यालयात दाखल झाल्या आणि मिखाएल पोवोल्नी यांच्या हाताखाली मातकाम शिकू लागल्या. चाक पाहिले आणि त्यात गुंतल्या, असे त्या पुढे सांगत. योझेफ होफमान हे तेथील वास्तुशिल्पी व कल्पक. घरापासून चमच्यापर्यंत सर्व वस्तू एकाच शिस्तीत बसाव्यात असा त्यांचा आग्रह, आणि त्यांची नजर या विद्यार्थिनीच्या कामावर गेली होती. १९२६ साली हान्स री यांच्याशी विवाह झाला. नवदांपत्याच्या घराची अंतर्रचना एर्न्स्ट प्लिश्के या तरुण वास्तुशिल्प्याने केली : अक्रोडाच्या लाकडाच्या साध्या फळ्या, कपाटे, बसावयास स्टुले, कोठे नक्षी नाही. १९३५ साली ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात रीबाईंना सुवर्णपदक मिळाले, आणि १९३७ साली पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात रौप्यपदक.

ही पदके कोणत्या भांड्यांना मिळाली ते पाहिले पाहिजे. कमी आचेवर भाजलेली, पातळ भिंतीची, नक्षीविरहित, काही ठिकाणी पृष्ठभागावर मुद्दाम खळगे व खडबडीतपणा ठेवलेली अशी ती भांडी होती. म्हणजे ज्या गुणांना निर्वासितपणाचे फळ म्हटले जाते ते सर्व, बीजरूपाने नव्हे तर चांगले वाढलेले, १९३८ पूर्वीच त्यांच्या कामात हजर होते. तो पातळपणा होफमानच्या व्हिएन्नाचा आहे, प्लिश्केच्या फळ्यांचा आहे. त्या फळ्या आणि ते काठ एकाच वृत्तीची अपत्ये आहेत. निर्वासितपणाने ही शैली घडविली नाही. त्याने ती जवळजवळ नाहीशी केली होती. आमच्या दृष्टीने रीबाईंच्या चरित्रातील खरे नाट्य हे आहे.

१९३८ साली ऑस्ट्रिया हिटलरच्या घशात गेला. त्याच वर्षी हे दांपत्य लंडनास आले. हान्स री पुढे अमेरिकेस गेले, ल्यूसी मागे राहिल्या, आणि १९४० साली विवाह रद्द झाला. हाइड पार्कच्या उत्तरेस अल्बियन म्यूज नावाची एक गल्ली आहे. तेथील १८ क्रमांकाची जुनी पागा त्यांनी भाड्याने घेतली. खाली कारखाना, वर घर. प्लिश्केची फळ्याकपाटे व्हिएन्नाहून आली ती सिग्मंड फ्रॉइड यांचे वास्तुशिल्पी पुत्र एर्न्स्ट यांनी त्या लहानशा जागेत बसवून दिली. रीबाई उरलेले सर्व आयुष्य तेथेच राहिल्या.

आता लीच यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण त्यांना समजून घेतल्यावाचून वादाचे मर्म कळणार नाही. लीच यांचा जन्म १८८७ साली हाँगकाँगला झाला. १९०९ साली ते जपानला गेले, तेथे मातकाम शिकले, आणि १९२० साली शोजी हामादा यांना बरोबर घेऊन परतले व कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर सेंट आइव्ज येथे त्यांनी भट्टी घातली. १९४० साली त्यांचा ‘अ पॉटर्स बुक’ हा ग्रंथ आला. इंग्रजी जाणणाऱ्या जगातील कुंभारांची एक अख्खी पिढी त्या ग्रंथावर वाढली. चीनमधील सुंग काळची भांडी हा लीच यांचा मानदंड. त्या जोडीला इंग्लंडातील जुनी खेडवळ भांडी, जपानी व कोरियन लोककारागिरी. भांडे मातीशी प्रामाणिक असावे, हाताला भरदार लागावे, त्याचे बूड जमिनीवर ठाम असावे, आणि ज्वाळेने त्यावर आपली खूण ठेवावी. यंत्रयुगाने विटाळलेल्या जगात हा सिद्धान्त मोठ्या नैतिक तेजाने तळपला. त्याचे ऋण नाकारण्याचा आमचा हेतू नाही. आपल्या देशातही त्याची छाया दूरवर पडली आहे. सरदार गुरचरणसिंग जपानात मातकाम शिकावयास गेले तेव्हा लीच व हामादा यांच्या वर्तुळातच वावरले, आणि १९५२ साली त्यांनी दिल्लीत ‘दिल्ली ब्लू पॉटरी’ सुरू केली. आज भारतातील स्टुडिओंतून घडणारी पुष्कळशी भांडी पाहिली, की त्यांच्या पोटात सेंट आइव्जचा आवाज ऐकू येतो.

अशा माणसापुढे रीबाईंनी आपली भांडी नेली. लीच यांना ती आवडली नाहीत. फार पातळ, बूड बरोबर नाही, माणुसकीची ऊब नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. नव्या देशात कोणी ओळखत नाही, पदकांना किंमत नाही, आणि त्या देशातील या कलेचा सर्वांत मोठा अधिकारी सांगतो आहे की तुझा रस्ता चुकला. रीबाईंनी ते मानले. काही वर्षे त्यांनी जाड अंगाची, लीच यांना रुचतील अशी भांडी करण्याचा प्रयत्न केला. त्या प्रयत्नात त्यांचा हात ओळखू येत नाही.

लीच यांच्या सिद्धान्तात एक गाठ आहे ती येथे उकलली पाहिजे. भांड्याचे सत्त्व मुळांत असते, आणि मुळे म्हणजे एका भूमीतील दीर्घ परंपरा, असे ते मानीत. १९५० साली अमेरिकेचा दौरा केल्यावर तेथील कुंभारांना सोटमूळच नाही असा शेरा त्यांनी मारला. त्यावर १९५३ साली मार्गेरीट विल्डेनहाइन यांनी ‘क्राफ्ट होरायझन्स’ मासिकात त्यांना अनावृत पत्र लिहून खरमरीत उत्तर दिले. विल्डेनहाइनबाई जर्मनीच्या बाउहाउसमध्ये शिकलेल्या आणि नाझींमुळे देशोधडीला लागलेल्या; योगायोग लक्षणीय आहे. आणि लीच स्वतः कोण? हाँगकाँगात जन्मलेला, जपानात कला शिकलेला, आठशे वर्षांपूर्वीच्या चिनी भांड्यांना प्रमाण मानणारा इंग्रज. त्यांचे सोटमूळ कोणत्या भूमीत होते? ज्याने आपली परंपरा स्वतः निवडली त्यानेच इतरांना परंपरा निवडता येत नाही असे सांगावे, हा अंतर्विरोध त्यांच्या चाहत्यांनी सहसा बोलून दाखविलेला नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वाचकास ह्या प्रकरणात परकेपणा वाटू नये. वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या मराठीत लिहिणाऱ्यास आपले लेखन कोणत्या मापाने मोजले जाते, ते माप कोठे तयार होते, आणि त्या मापात बसावे म्हणून आपण आपल्या वाक्याचा काठ कितीदा जाड केला, हे वेगळे सांगावयास नको. असो.

रीबाई परत स्वतःकडे आल्या त्या दोन वाटांनी. पहिली वाट बटणांची. युद्धकाळात धातू दुर्मीळ, कपड्यांना बटणे मिळेनात. फ्रिट्झ लाम्प्ल या व्हिएन्नाच्याच निर्वासिताचा काचेच्या बटणांचा उद्योग होता. तेथे काम करून रीबाईंनी पुढे आपल्या पागेत मातीची बटणे साच्यांतून काढावयास सुरुवात केली. शिंप्यांच्या मोठ्या पेढ्या कापडाचे तुकडे पाठवीत, आणि त्या रंगाशी जुळेल अशी झिलई बटणावर आणावी लागे. झिलई म्हणजे भट्टीत वितळून मातीवर बसणारा काचेचा थर. त्यात कोणते खनिज किती घातले की कोणता रंग उमटेल हे आधी नीट सांगता येत नाही, भाजून पाहावे लागते. बटण एवढेसे असल्यामुळे भाजून पाहणे स्वस्त पडले. कलावंताला पोटासाठी करावे लागणारे काम त्याची शक्ती खाते असे आपण म्हणतो, आणि पुष्कळदा ते खरेही असते. येथे मात्र पोटाच्या कामाने त्यांना रंगांचे असे भांडार मिळवून दिले की ज्याची बरोबरी त्या काळच्या दुसऱ्या कुंभारास करता आली नाही. त्यांचा पिवळा, त्यांचा गुलाबी, त्यांचा किंचित खवल्यांचा पांढरा यांचे मूळ ह्या बटणांत शोधावे लागते.

दुसरी वाट हान्स कोपर यांची. कोपर हे १९२० साली जर्मनीत जन्मलेले, १९३९ साली इंग्लंडात आलेले, मध्ये शत्रुदेशीय म्हणून कॅनडात स्थानबद्ध होऊन परतलेले तरुण. १९४६ साली ते बटणांच्या कामाला हात लावावयास अल्बियन म्यूजमध्ये आले तेव्हा मातकामाचा त्यांना गंधही नव्हता. काही महिन्यांत ते चाकावर बसले. १९५८ पर्यंत दोघांनी एकत्र काम केले, आणि कित्येक भांड्यांच्या बुडाशी दोघांचे शिक्के शेजारी शेजारी आढळतात. लीच यांची वाट सोडा, तुमची आहे तीच खरी, असे रीबाईंना ठामपणे सांगणारे कोपरच, असे त्यांचे चरित्रकार एकमुखाने सांगतात. कोपर पुढे शिल्पाच्या अंगाने गेले. काही टीकाकार त्यांना रीबाईंहून श्रेष्ठ ठरवितात. आम्हांस ही तुलना निष्फळ वाटते, कारण कोपर यांच्या भांड्यात पाणी भरावे असे मनात येत नाही आणि रीबाईंच्या भांड्यात ते सहज येते. दोघांची कसोटी एक असू शकत नाही.

१९४८ साली रीबाईंनी जास्त आचेची विजेची भट्टी घेतली, आणि येथे त्यांच्या तंत्राकडे वळले पाहिजे. सामान्यतः स्टुडिओतील कुंभार भांडे दोनदा भाजतो. प्रथम हलके भाजून ते कडक करतो, मग झिलईत बुडवितो, मग पुन्हा भाजतो. रीबाईंनी पहिले भाजणे वगळले. वाळलेल्या पण कच्च्या भांड्यावर, ते फिरत असताना, कुंचल्याने त्या झिलई चढवीत, आणि माती व झिलई एकाच आचेत, सुमारे १२५० अंशांवर, एकत्र पक्की होत. कच्चे भांडे ओले झाले की ढासळावयाची भीती. पाणी किती, हात किती हलका, याचा अंदाज क्षणोक्षणी घ्यावा लागतो. गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांच्या डोक्यांची परीक्षा केली आणि नामदेवाला कच्चे मडके ठरविले ही कथा आपल्याकडे सर्वांस ठाऊक आहे. आपल्या मनात कच्चेपणा म्हणजे उणीव. येथे कच्चेपणीच भांड्याला त्याचे अखेरचे वस्त्र दिले जाते, आणि त्यामुळे झिलई वर चढविल्यासारखी न दिसता अंगातून आल्यासारखी दिसते. त्वचेवरील छिद्रे, खळगे, फुटून निवालेले बुडबुडे यांत माती आणि काच कोठे वेगळी होतात ते सांगता येत नाही.

विजेच्या भट्टीत ज्वाळा नसते, धूर नसतो. लीच यांच्या सुंग मानदंडातील हिरवट सेलाडॉन झिलई ही प्राणवायू कमी पडलेल्या, धुरकट ज्वाळेची देणगी आहे. म्हणजे ज्याला ते सौंदर्याचा सार्वकालिक नियम समजत होते तो पुष्कळ अंशी एका जातीच्या आगीचा नियम होता. शहराच्या गल्लीत ती आग पेटविणे शक्य नव्हते. रीबाईंनी तिची नक्कल केली नाही. आपल्या स्वच्छ, निर्धूम भट्टीत काय उमलते ते पाहिले : मँगनीज व तांबे यांच्या मिश्रणातून येणारा, काठावरून ओघळणारा काशासारखा सोनेरी तपकिरी रंग हे त्याचे उदाहरण. इंग्लंडातील एव्हबरी येथील संग्रहालयात कांस्ययुगातील भांडी व त्यांवर रेघा ओढण्याची पक्ष्यांची हाडे पाहिल्यावर त्यांनी त्या काशाच्या थरावर सुईसारख्या टोकाने रेघा ओरखडावयास सुरुवात केली. पाहा, नव्या देशाची परंपरा त्यांनी घेतली ती अशी : लीच यांनी दाखविलेली नव्हे, तर इंग्लंड हे नाव पडण्यापूर्वीची.

त्यांच्या प्रौढ काळातील एक वाडगा डोळ्यांपुढे आणू. बूड कपाच्या बुडाएवढे. तेथून भिंत जवळजवळ सरळ रेषेत बाहेर फाकत जाते आणि वर एकाएकी संपते. काठ वळलेला नाही, जाड केलेला नाही. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये संवाद, विरोध आणि समतोल अशा लयीच्या तीन तऱ्हा सांगितल्या. ह्या वाडग्यात विरोधलय उघड आहे : अरुंद विरुद्ध विशाल, जमीन विरुद्ध उड्डाण. पण ओरखडलेल्या रेघा बुडापासून काठापर्यंत जाताना एकमेकींपासून दूर होत जातात, आणि फाकणाऱ्या भिंतीची गती त्याच मोजतात. काठावरचा गडद ओघळ वरच्या टोकाला जेवढे वजन हवे तेवढे देतो, आणि समतोल साधतो. लीच म्हणत की बूड ठाम हवे. हा वाडगा ठामच उभा आहे. त्याने आपले वजन खाली न ठेवता वर ठेवले आहे, इतकेच. लांब मानेच्या बाटल्यांतही हेच. पोट वेगळे, मान वेगळी, पसरट ओठ वेगळा घडवून जोडलेला. एका दमात घाट उतरला पाहिजे असे मानणाऱ्यास हे जोडकाम खटकेल, परंतु डोळ्याला सांधा दिसत नाही आणि मान पोटातून उगवल्यासारखी वाटते. दोन रंगांच्या माती चाकावर एकत्र फिरवून काढलेले वळसे काही बाटल्यांना अंतर्बाह्य गुंडाळून असतात.

स्तुती येथे थांबविली पाहिजे. १९६७ साली आर्ट्स कौन्सिलने त्यांचे सिंहावलोकनपर प्रदर्शन भरविले, १९८१ साली नॉर्विच येथे दुसरे मोठे प्रदर्शन झाले, १९८९ साली इसे मियाके या वस्त्रकाराने जपानात त्यांचा गौरव केला व त्यांची जुनी बटणे आपल्या कपड्यांना लावली, १९९१ साली ब्रिटिश सरकारने त्यांना ‘डेम’ केले. कीर्ती वाढली तशी त्यांची भांडी संग्राहकाच्या कपाटाकडे सरकत गेली, आणि उत्तरकाळातील काही कामांत ते जाणवते. गुलाबी अंग, निळ्याहिरव्या रेघेचा पट्टा आणि सोनेरी काठ असलेले ते प्रसिद्ध वाडगे मोहक आहेत यात शंका नाही. पण त्यांतील काहींत मोहकपणा हाच हेतू होऊन बसला आहे. विरोध नाहीसा झाला की लय केवळ गोडवा उरते.

आम्हांस विचाराल तर त्यांचे सर्वांत निर्दोष काम १९५० नंतरच्या दशकातील रोजच्या वापराची भांडी हे होय. बाहेर गडद तपकिरी, आत पांढरे असे कॉफीचे पेले व दुधाचे बुटके. काठाशी एक चोच काढलेले सॅलडचे वाडगे. ती दुकानांत विकली जात आणि लोक त्यांतून जेवत. कॅम्बरवेलच्या कलाशाळेत रीबाई १९६० पासून दहाबारा वर्षे शिकवीत होत्या. तेथील पुष्कळ विद्यार्थी मोठ्या प्रदर्शनीय भांड्यांकडे वळले, त्या साध्या पेल्यांकडे थोडेच. लीच यांचा वापराचा आग्रह आणि रीबाईंचा पातळ काठ ह्या दोन गोष्टी ह्या पेल्यांत नांदतात, आणि ओठाला लावल्यावर पातळ काठच सुखाचा लागतो हे चहाकॉफी पिणाऱ्या कोणासही मान्य व्हावे. लीच यांच्याशी त्यांची मैत्री, सांगावयास आनंद वाटतो, शेवटपर्यंत अभंग होती, आणि पुढे लीच यांचे मतही पुष्कळ निवळले.

१९९० साली अर्धांगाच्या झटक्याने हात थांबला. १ एप्रिल १९९५ रोजी त्या लंडनमध्ये वारल्या. प्लिश्केने केलेले अक्रोडी फर्निचर आज व्हिएन्नातील फर्निचर संग्रहालयात परत गेले आहे. अल्बियन म्यूजमधील कारखाना लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात होता तसा मांडून ठेवला आहे. भांडी जगभरच्या संग्रहालयांत काचेआड आहेत, सॅलडचे वाडगेही. त्यांच्या चोचीतून आता काही ओतले जात नाही.